ह्यांच्या ताटातलं

विहीणबाईंच्या टेबलावरचं कापड कुठल्या रंगाचं आहे, हे मला आजही सांगता येणार नाही. इतक्या वेळा जेवलो तिथे, पण ते कधी दिसलंच नाही. बशीला बशी चिकटलेली, आणि दोन बश्यांच्या मध्ये बोटभर फट राहिलीच तर तिथे लोणच्यातल्या काकड्यांची वाटी. टेबल दिसलं म्हणजे यजमानीण कमी पडली, अशी त्यांच्याकडची रीत. पाहुण्याला आग्रह करावा तर आपणच, अशी माझी लग्नापासूनची समजूत होती. दुबईत, अल बर्शातल्या त्यांच्या व्हिलात ती पहिल्याच दिवशी गळून पडली.

आमचा मुलगा इथेच वाढला, इथेच नोकरीला लागला आणि ऑफिसमधल्या एका रशियन मुलीशी त्याने लग्न केलं. मुलगी चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी सासू-सुनेचं प्रकरण शोधत बसणार नाही. लग्नानंतर तिचे आईवडीलही बाडबिस्तरा आवरून दुबईला आले. व्याह्यांचा यंत्रांचे सुटे भाग विकण्याचा धंदा, ऐपत मोठी आणि माणसं जमवण्याची हौस त्याहून मोठी. आम्ही दोघं शारजात, अल मजाजला, लगूनसमोरच्या, म्हणजे खाडीच्या पाण्यासमोरच्या एका टॉवरमध्ये राहतो. हे एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघतात. मी घर बघते.

व्याही-विहीण ह्याला इंग्रजीत शब्द नाही. मुलगा आमची ओळख करून देताना दरवेळी अडखळायचा. पण रशियनमध्ये आहे. विहिणीला त्या ‘स्वात्या’ म्हणतात. आपल्याकडेही असा खास शब्द आहे, हे कळल्यावर विहीणबाईंनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला. बाई मनाने लोण्यासारखी. तीच तर पंचाईत झाली. खवट असती तर मी तिला पुरून उरले असते.

आता ह्यांच्याबद्दल. मुलगा शाळेत होता तेव्हापासून ह्यांना डायबेटिस आहे. मध्यंतरी हृदयात एक स्टेंटही बसला. तेव्हापासून आमच्या घरात स्वयंपाक एकाच माणसाच्या रक्ताकडे बघून होतो. ज्वारीची भाकरी, मुगाची धिरडी, दुधी, कारलं, पुन्हा दुधी. भात मोजका. चहात साखर नाही. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून मीही माझ्या चहातली काढून टाकली, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी हे लगूनला फेऱ्या मारायला जात. मी त्या वेळात भाकऱ्या थापत असे. मित्रांमध्ये हे हसत सांगायचे, “आमच्याकडे जेल आहे बाबा, पण जेवण गरम मिळतं.” सगळे हसायचे. जेलर चहा घेऊन यायची.

ह्यांचं एक तत्त्व आहे. पानात टाकायचं नाही. लहानपणी ताट स्वच्छ होईपर्यंत वडील उठू देत नसत, त्यामुळे ते ह्यांच्या अंगातच मुरलेलं आहे. आपलं ताट स्वच्छ झालं की हे उठता उठता सगळ्यांच्या ताटांवरून एकदा नजर फिरवतात. मुलाच्या ताटात काही दिसलं की “पानात टाकू नये,” एवढंच म्हणत, आणि मुलाने तोंड वेंगाडलं की ते कोण संपवणार हे घरात ठरलेलंच होतं. हॉटेलात, लग्नात, मंडळाच्या गणपतीच्या जेवणात, कुठेही ह्यांचं ताट असं निघायचं की धुवायचं राहिलं असतं तरी चाललं असतं. मला ह्या गोष्टीचा अभिमान होता. आता नाही.

पहिलं जेवण व्याह्यांच्या वाढदिवसाचं. शनिवारची दुपार. टेबलावर बीट, बटाटा आणि मेयोनेजचे थर दिलेला खारवलेला मासा, लोणी लावलेल्या पावावर लाल गाबोळी, मटणाच्या सारणाचे कणकेचे उकडलेले मोदकासारखे गोळे आणि त्यांच्यावर घट्ट आंबट साय, तळलेल्या कचोऱ्या, मटार-बटाट्याचं ते सलाड ज्याला आपण रशियन सलाड म्हणतो आणि ते लोक भलतंच काहीतरी म्हणतात. आम्ही मासे-मटण खाणारे, त्यामुळे ‘आम्हाला चालत नाही’ ही पळवाटही नव्हती.

दारूचा प्रश्न मुलाने आधीच सोडवून ठेवला होता. व्याही ग्लास घेऊन उभे राहायचे, आईवर, मैत्रीवर, मातीवर, कशावर तरी लांबलचक बोलायचे, आणि मग सगळ्यांनी ग्लास रिकामा करायचा. ओठाला लावून ठेवला तर त्यांचा चेहरा पडे. हृदय नाजूक आहे म्हटलं तर म्हणत, व्होडकाने नसा मोकळ्या होतात. डायबेटिस म्हटलं तर म्हणत, व्होडकात साखर कुठे असते? पण एक सबब तिथे सगळे निमूट मान्य करतात. मुलगा गाडीतच म्हणाला होता, “बाबा, जस्ट से यू आर ऑन अँटिबायोटिक्स.” तेव्हापासून हे व्याह्यांच्या घरी कायम अँटिबायोटिक्सवर आहेत. मध्ये एकदा व्याह्यांनी काळजीने विचारलंही, की हा कसला जंतू आहे जो मरतच नाही.

खाण्याला मात्र अशी सबब नव्हती. विहीणबाई ह्यांच्या मागे वाडगा घेऊन उभ्याच. ह्यांनी ताट संपवलं, त्यांनी भरलं. ह्यांनी पुन्हा संपवलं, त्यांनी पुन्हा भरलं. मी समोरून डोळे मोठे करत होते, आणि हे मान खाली घालून, कर्तव्य असल्यासारखे, खात होते. शेवटी मधाचा केक आला, पापडाएवढ्या पातळ पोळ्यांचे थर आणि मध्ये गोड साय. मी म्हटलं, “नो, नो, शुगर!” विहीणबाईंनी माझा गाल कुरवाळला. “नो शुगर, स्वात्या. हनी! हनी इज मेडिसिन.”

दुसऱ्या दिवशी ह्यांना उठल्यावर गरगरलं. क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरांनी मशीनवरचा आकडा बघितला आणि तो आकडा ह्यांना दाखवायचा सोडून मला दाखवला. “भाभी, क्या खिला रहे हो इनको? आपको ध्यान रखना चाहिए.” हे शेजारी मान हलवत बसले होते. जसं काही मीच घास भरवला होता.

पुढच्या जेवणाच्या वेळी सुनेने मला बाजूला घेतलं. ती स्वतः काडीसारखी. “आई, डोन्ट फिनिश,” ती नवऱ्याकडून शिकलेलं मराठी मिसळत म्हणाली. “रिकामी प्लेट बघून ममाला वाटतं, यू आर स्टिल हंग्री. एक चमचा ठेवा. आय ऑल्वेज डू.” मी बघितलं, खरंच तिच्या ताटात सलाडचा एक ढीग तसाच राखून ठेवलेला, आणि विहीणबाई तिला ओलांडून पुढे जात होत्या. इतकं सोपं होतं सगळं. मला तर हसूच आलं. परतीच्या वाटेवर, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये, मी ह्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं.

“अहो, ताटात एक चमचा ठेवायचा. रिकामं दिसलं की त्या वाढतात.”

“म्हणजे अन्न टाकायचं?”

“एक चमचा हो.”

“एक चमचा टाकला काय नि ताटभर टाकलं काय. मला जमणार नाही. खलास.”

मी मुलाला सांगून पाहिलं, की तू तुझ्या सासूला नीट समजाव. तो म्हणाला, “मॉम, प्लीज. शी कुक्स फॉर टू डेज. डोन्ट मेक इट अ थिंग.” आणि बोलावणी तर थांबत नव्हती. नवं वर्ष, मग जानेवारीतच जुन्या कॅलेंडरप्रमाणे येणारं त्यांचं ते जुनं नवं वर्ष, ईस्टर, मे महिन्यातल्या सुट्ट्या, ह्याचा वाढदिवस, तिचा वाढदिवस. न जावं तर मुलाचं तोंड. जावं तर ह्यांची शुगर. मग मी माझ्या परीने मार्ग काढला. मी ह्यांच्या शेजारी बसायला लागले.

विहीणबाईंनी ह्यांना वाढलं की मी त्यातलं निम्मंअधिक उचलून माझ्या ताटात घ्यायची. ह्यांचं ताट ह्यांना स्वच्छ करता यायचं, पोट फार भरायचं नाही, कोणाचं मन दुखायचं नाही. माझ्या ताटात उरवून चालणार नव्हतं, कारण उठताना ह्यांची नजर फिरायचीच. म्हणजे ते मी खायचं. मला काय, मला कुठे काही झालं होतं? सुरुवातीला मी उचलत असे. पुढे पुढे हेच सरकवायला लागले. व्याह्यांशी तेलाच्या भावावर बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, काट्याच्या कडेने तुकडा माझ्या ताटात. प्रत्येक पदार्थाचा एक घास हे चवीपुरता घेत, आणि बाकीचं इकडे. केकचंही तसंच. चव ह्यांची, ढेकर माझी.

त्या घरात माझं नाव झालं. विहीणबाई नव्या पाहुण्यांना मला दाखवून सांगत, बघा, एवढीशी बाई आणि भूक बघा तिची, हिच्यासाठी करायला हात शिवशिवतात. मला त्या मुद्दाम मोठा तुकडा द्यायला लागल्या. इकडे मंडळात हे सांगत, “हिला रशिया चांगलाच मानवलाय.” माझे ब्लाउज उसवून झाले, मग नवे शिवून झाले. हे मात्र पट्टा एकेक भोक आत घेत होते. ओळखीचे लोक ह्यांना विचारत, वजन कसं उतरवलंत हो? हे म्हणत, “डिसिप्लिन.”

मग मला तहान लागायला लागली. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय रोलाच्या बाजारापर्यंतही जाववेना. तळपायांची आग व्हायची. मी उन्हाला दोष दिला, वयाला दिला. शेवटी ह्यांच्या इन्शुरन्समध्ये दोघांची तपासणी फुकट होते म्हणून दोघंही गेलो. त्याच डॉक्टरांनी ह्यांचा हात हातात घेऊन दाबला. “भाईसाब, फर्स्ट क्लास! इस उमर में ऐसा कंट्रोल मैंने कम देखा है.” ह्यांचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला. मग डॉक्टर माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज उतरला. माझी शुगर नुसती वाढली नव्हती, ती बरेच महिने वाढलेलीच होती. डोळे तपासून घ्या म्हणाले. किडनीची आणखी एक टेस्ट सांगितली. गोळ्या त्याच दिवसापासून. ह्या वेळी ‘आपको ध्यान रखना चाहिए’ असं ते ह्यांना म्हणाले नाहीत. तेही मलाच म्हणाले.

गाडीत ह्यांनी माझ्या बाजूचा एसी कमी केला. मला वाटलं, वाईट वाटतंय. मग म्हणाले, “मी बघ इतकी वर्षं कसं पाळलं. जिभेवर ताबा लागतो.”

मी म्हटलं, “ते सगळं तुमच्या ताटातलं होतं.”

सिग्नल लाल होता. ह्यांनी माझ्याकडे वळून खरंच नवल वाटल्यासारखं बघितलं. “मी तुला खा म्हटलं होतं का?”

नव्हतं म्हटलं. एकदाही नाही. तेच तर. संसारात मी जे जे केलं त्यातलं निम्मं मला कोणी कर म्हटलंच नव्हतं, त्यामुळे आता जाब तरी कोणाला विचारणार? मला त्या क्षणी ह्यांचा असा संताप आला की दार उघडून त्या रस्त्यावरच उतरावं. उतरले नाही. घरी येऊन भाकऱ्या केल्या. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “ओ नो, मॉम. यू शुड हॅव बीन केअरफुल. लुक ॲट बाबा.” सगळ्यांना बाबांकडेच बघायचं होतं. मीही आयुष्यभर तेच केलं होतं म्हणा.

एक गोष्ट मला तेव्हा कळली. ह्यांना डायबेटिस झाला तेव्हा घर बदललं होतं. मला झाला तेव्हा काहीच बदललं नाही, कारण बदलणारी मीच. कोणी माझी भाकरी थापली नाही. कोणी स्वतःच्या चहातली साखर काढली नाही, ती आधीच कुठे होती? हे संध्याकाळी लगूनला जाताना एकदा म्हणाले, “तूही येत जा.” मी म्हटलं, मग जेवण? हे म्हणाले, “तेही खरंच.” आणि गेले.

त्यानंतरचं बोलावणं आठ मार्चचं. त्यांच्याकडे तो दिवस मोठा. बायकांना फुलं देतात, पुरुष स्वयंपाकघरात लुडबुड केल्याचं नाटक करतात, आणि टेबल तरीही विहीणबाईंनीच मांडलेलं असतं. निघताना मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, “आज माझ्या ताटात काही सरकवू नका. मला चालत नाही.”

“हो गं. माहितीये मला.”

व्हिलाच्या अंगणात, निवडुंगाच्या कुंड्यांमध्ये लांब टेबल मांडलेलं. व्याह्यांनी दारातच मला ट्युलिपचा गुच्छ दिला आणि हातावर ओठ टेकवले. त्या दिवशी मी सलाडचा एक ढीग घेतला, निम्मा खाल्ला आणि निम्मा राखून ठेवला. सून समोरून बघून हसली. ह्यांच्याकडे मी मुद्दाम बघतच नव्हते. विहीणबाईंनी ह्यांना किती वेळा वाढलं, ह्यांनी काय केलं, मला ठाऊक नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या नवऱ्याच्या ताटात बघितलं नाही. हे जमतं, हे कळून मला बरं वाटत होतं.

मग बायकांच्या नावाने ग्लास उचलायची वेळ झाली. हा ग्लास पुरुष उभ्याने पितात. व्याही बोलले, त्यांचे दोन मित्र बोलले, आणि मग सगळ्यांनी ह्यांना बोलायला लावलं. हे फळांच्या सरबताचा ग्लास घेऊन उभे राहिले. इंग्रजीत म्हणाले, आज मी तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे तो माझ्या बायकोमुळे, तिने मला जपलं नसतं तर मी केव्हाच संपलो असतो. सुनेने ते रशियनमध्ये सांगितलं. सगळे पुरुष माझ्याकडे वळून उभे. विहीणबाईंचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही परक्या भाषेत. मला वाटलं, चला, कळलं तर.

सगळे खाली बसले. केक आला. मधाचा. विहीणबाईंनी ह्यांना भलामोठा तुकडा वाढला आणि मला वाढायला आल्या, तर मी हात आडवा धरला. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून पुढे गेल्या. ह्यांनी एक घास घेतला. शेजारच्या पाहुण्याने ह्यांना काहीतरी विचारलं, बहुतेक पथ्याबद्दलच. हे त्याच्याकडे वळून सांगायला लागले, आणि सांगता सांगता, माझ्याकडे न बघता, तो उरलेला सगळा तुकडा काट्याच्या कडेने माझ्या ताटात आला.

मी तशीच बसून राहिले. ट्युलिप मांडीवर. हे बोलत होते आणि तो माणूस कौतुकाने मान हलवत होता. थोड्या वेळाने ह्यांची नजर सवयीने टेबलावरून फिरली आणि माझ्या ताटावर थांबली. हे माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू, प्रेमाने म्हणाले, “संपव गं. पानात टाकू नये.”

मी टाकलं. काटा-चमचा बाजूला ठेवला आणि हात पुसले. विहीणबाई केकचं ताट घेऊन पुन्हा फिरत आल्या. माझ्याकडे केक दिसला तशा मला ओलांडून गेल्या. ह्यांचं ताट स्वच्छ होतं. त्यात त्यांनी दुसरा तुकडा वाढला, पहिल्याहून मोठा.

ह्यांनी काटा उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या ताटात जागा नव्हती.